गालावरची तीट

आमच्या घरी दारामागे एक पिशवी अडकवलेली आहे. त्या पिशवीत नुसत्या पिशव्या आहेत. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण वर्ष संपता संपता दार पुरतं उघडेनासं होतं. आमच्या टेबलावरचे किस्से असेच साठलेत. डॉक्टर म्हणतात, "बाई, बीपी वाढलंय, मनात काही ठेवत जाऊ नका." नाही ठेवत. घ्या!

आधी टेबलाची ओळख करून देते. आम्ही तिघी. मी पडेगावात शिवणक्लास घेते आणि रागीट आहे. रूथताई साळवे छावणी भागात राहतात, नर्स म्हणून रिटायर झाल्या, आणि त्या कधीच रागावत नाहीत. तिसऱ्या करमाडच्या कौसाबाई. त्या माझ्याकडे ब्लाउज शिकायला आल्या होत्या. ब्लाउज आजतागायत जमलेला नाही. पण मक्याच्या कणसावरचा पाला भिजवून, पिळून, दोऱ्यानं बांधून त्या नातीसाठी बाहुल्या करायच्या. रूथताईंनी एक बाहुली बघितली, तिला मागून पाल्याचेच दोन पंख चिकटवले आणि म्हणाल्या, "हा तर देवदूत झाला!"

तेव्हापासून दिवाळी उरकली की आम्ही नाताळच्या कामाला लागतो. ख्रिसमसच्या झाडाला टांगायचे पाल्याचे देवदूत, आणि कापसाच्या रिकाम्या बोंडांच्या चांदण्या. एक्झिबिशन असेल तिथे टेबल मांडायचं आणि विकायचं. काम सोपं आहे हो. माणसं अवघड आहेत!

*

पहिल्या वर्षी कौसाबाई चाळीस देवदूत घरून करून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पहिलं एक्झिबिशन. मी खोका उघडला आणि माझं डोकं फिरलं. बाहुल्यांना नाक नाही, डोळे नाहीत, चेहरा कोरा. पण प्रत्येकीच्या गालावर काजळाचा काळाकुट्ट ठिपका! चाळीसच्या चाळीस!

"कौसाबाई, हे काय करून ठेवलंत?"

"तीट लावली."

"अहो पण कशाला?"

"लेकरू बाहीर चाललं की. लोकायच्या नजरा काय चांगल्या असतेत व्हय?"

मी कपाळाला हात लावला. रूथताई हसून हसून खुर्चीत बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, देवदूताला कुणाची दृष्ट लागणार?"

"तुमच्या देवदूतानं आमचं करमाड बघितलं नाय, ताई!"

*

तीट पुसायला वेळ नव्हता. पुसून बघितली एक, तर काजळ पसरून सगळा गाल काळा झाला. तसेच मांडले.

पहिलंच गिऱ्हाईक, एक बाई. देवदूत उचलला. "याला डाग आहे." ठेवला, दुसरा उचलला. "यालाही आहे." तिसरा, चौथा. असे एकोणीस देवदूत उचलून झाल्यावर मला म्हणते, "सगळा लॉटच डिफेक्टिव्ह आहे तुमचा! डिस्काउंट किती देणार?"

मी दात आवळून सांगितलं, बाई, ती तीट आहे. तुमच्या आईनं तुम्हाला लावली असेल, तुम्ही तुमच्या लेकरांना लावली असेल.

"अय्या! तीट? हाऊ क्यूट!" बाईंचा चेहरा असा उजळला! "मग एवढीशीच का? ठळक करून द्या ना. इन्स्टावर दिसायला पाहिजे."

डाग होता तेव्हा डिस्काउंट, आणि तीट झाली की ठळक! कौसाबाईंनी मात्र शांतपणे देवदूत तिच्या हातातून काढून घेतला. "ठळक नाय व्हायची. तीट हाय, कुंकू नाय."

*

आमच्या टेबलासमोर सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य म्हणजे, "हे तर मी घरीच करेन!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो करा ना! कुणी हात धरलाय? पण नाही. टेबलासमोर उभं राहायचं, मोबाइल काढायचा, देवदूत पुढून-मागून, उलटा करून, पंख कुठे चिकटवलाय त्याचा व्हिडिओ घ्यायचा, आणि वर हे वाक्य म्हणायचं!

अशाच एकीला मी म्हटलं, "ताई, व्हिडिओ कशाला? बसा इथे. शिकवते मी."

बसली बिचारी. पाला भिजवलेला होताच. पिळला की फाटायचा, बांधला की सुटायचा. दीड तास गेला. नवरा दोनदा येऊन चौकशी करून गेला. शेवटी एक वस्तू तयार झाली. कौसाबाईंनी ती हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवली आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "ही बाई हाय का झाडू?"

पण आपल्या हातचं टाकवत नाही माणसाला. जाताना तिनं विचारलं, "याचे किती?"

"पन्नास."

"अहो, पण हा मी केलाय!"

"म्हणूनच पन्नास. आमचा दीडशे."

*

एकदा एक गृहस्थ आले. आले तेच छाती पुढे काढून. "तुम्ही ख्रिश्चन का?" मला विचारलं. मी म्हटलं, नाही. "तुम्ही?" कौसाबाई म्हणाल्या, "आमी जय भीमवाले." मग गाडी सुरू झाली. आपले सण सोडून हे काय, आपली संस्कृती काय, उद्या पोरं काय शिकतील. पंधरा मिनिटं! मागची गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. माझा हात डिंकाच्या बाटलीवर होता, ती मी फेकली नाही याचं श्रेय सकाळच्या गोळीला.

रूथताई तेवढ्या मृदू आवाजात म्हणाल्या, "ख्रिश्चन मी आहे, भाऊ. बोला."

भाऊंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "नाही, ते मुलीच्या शाळेत उद्या ट्री आहे. प्रत्येकानं सहा डेकोरेशन आणायचे आहेत. नाही आणले तर टीचर वर्गाबाहेर काढतात."

सहा नग बांधून दिले. बिल करताना पुन्हा वाकून कानाशी आले. "त्यावर ख्रिसमस लिहू नका. आकाशकंदील लिहा!"

*

बोंडांच्या चांदण्यांचा किस्सा छोटा आहे, पण तो आठवला की मला अजून जेवण जात नाही.

डोक्यावर गॉगल चढवलेल्या एक बाई आल्या. चांदणी हातात घेऊन म्हणाल्या, "वॉव! इम्पोर्टेड आहे का हे?" मी म्हटलं, "नाही, बोंड आहे. कापूस काढून घेतल्यावर झाडाला उरतं ते."

बाईंनी चांदणी पटकन खाली ठेवली. "बोंड? आमची बिडकीनला वीस एकर शेती आहे. आम्ही कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीबरोबर पेटवून देतो हे! आणि तुम्ही याचे पैसे घेता?"

कौसाबाईंनी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचलाय. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसतं. त्यांच्या बोटांना त्याच्या खुणा आहेत. सुई धरताना त्या बोट जरा तिरकं धरतात, म्हणून तर ब्लाउज जमला नाही. त्या काही चिडल्या नाहीत. चांदणीवरची धूळ फुंकली आणि विचारलं, "पेटवायच्या आदी तुमच्यात येचायला कोण येतंय, बाई? नाव माहीत हाय का एकीचं तरी?"

बाईंनी गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि गेल्या.

*

आता मॅडम. जालना रोडच्या एका लॉनवर डिसेंबरात मोठं एक्झिबिशन भरतं, ते या मॅडम भरवतात. त्यांचं स्वतःचं बुटिकही आहे. टेबल मिळणं न मिळणं त्यांच्या हातात, म्हणून आम्ही त्यांच्याशी गोड बोलतो. म्हणजे रूथताई बोलतात.

पहिल्याच वर्षी मॅडम आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "माल छान आहे, पण टेबलाला स्टोरी नाही!" आणि संध्याकाळी त्यांचा माणूस एक बोर्ड लावून गेला. 'गरीब व निरक्षर ग्रामीण महिलांच्या हातून'. वर निरोप, की कौसाबाईंनी खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसावं, साडी जरा जुनी नेसावी.

मी तो बोर्ड गुडघ्यावर मोडायला निघाले होते. कौसाबाईंनी थांबवलं. माझा मार्कर घेतला, 'निरक्षर' शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'दहावी पास, ५२ टक्के'.

मॅडम धावत आल्या. "असं लिहिल्यावर कोण घेईल तुमच्याकडून?"

त्या दिवसापासून कौसाबाईंनी चिठ्ठ्या सुरू केल्या. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरांत लिहायचं, 'कौसाबाई, करमाड', आणि ती चिठ्ठी दोऱ्यानं देवदूताच्या गळ्यात बांधायची. तळहाताएवढी चिठ्ठी! मी चिडले. "अहो, देवदूतापेक्षा चिठ्ठी मोठी झाली!"

त्या म्हणाल्या, "आवं, इतका कापूस येचला. कुनाच्या अंगावर गेला, कुनाच्या गादीत गेला. कुनी इचारलं नाय की कोनी येचला. हे तरी माज्या नावानं जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सगळ्या पत्रिका नेऊन दिल्या. त्यात माझ्या लेकीच्या लग्नाच्याही होत्या.

*

गेल्या वर्षी मॅडमनी दोनशे देवदूतांची ऑर्डर दिली. दोनशे! तिघींनी बोटं सुजेपर्यंत काम केलं. पैसे रोख मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

एक्झिबिशनसाठी टेबल मागायला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "यंदा तुम्हाला टेबल कशाला? तुमचा माल तर माझ्याकडे आहेच की!"

पहिल्या दिवशी बघायला गेलो. लॉनच्या मधोमध दोन मजली झाड, त्यावर आमचे दोनशे देवदूत. कौसाबाई मान वर करून बघत राहिल्या. मग एक देवदूत वळवून बघितला. चिठ्ठी नव्हती. दुसरा वळवला. दोनशेच्या दोनशे चिठ्ठ्या कात्रीनं कापलेल्या! त्या जागी सोनेरी कार्ड, त्यावर मॅडमच्या बुटिकचं नाव, आणि खाली, 'डिझाइन आणि संकल्पना' म्हणून मॅडमचं नाव. गालावर तीट मात्र तशीच होती.

कौसाबाईंनी हातातला देवदूत सोडला. जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. मला त्या बसण्याचा इतका राग आला, म्हणून सांगू!

रूथताई माझा हात धरून म्हणाल्या, "क्षमा करावी माणसानं."

मी ओरडले, "तुमच्या येशूला काय जातंय क्षमा करायला सांगायला! त्यानं कधी टेबल मांडलं होतं?"

"मांडलं नव्हतं," रूथताई म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. "देवळात जाऊन व्यापाऱ्यांची टेबलं उलटी केली होती!"

*

आम्ही काही उलटं केलं नाही. शपथ! आम्ही निघालोच होतो, तेवढ्यात माइकवर पुकारा झाला. मॅडमचा सत्कार होता, उद्योजिका म्हणून. पाहुणे, शाल, नारळ, पेपरवाले, सगळं होतं. मॅडमची नजर आमच्यावर पडली आणि त्या माइकवर म्हणाल्या, "माझ्या बायकांना पण वर बोलवा! या मावशी, ती झाडाखालची शोभेची टोपली घेऊन मागे उभ्या राहा. फोटोत छान दिसेल."

कौसाबाई टोपली घेऊन वर गेल्या आणि मागे उभ्या राहिल्या. मी खाली मुठी आवळून.

मॅडम बोलायला लागल्या. संकल्पना कशी सुचली, आपल्या मातीशी नाळ कशी जोडलेली आहे. "आणि हा गालावरचा ठिपका! लोक विचारतात, मॅडम, हे कसं सुचलं? ही माझी सिग्नेचर आहे." टाळ्या झाल्या. पेपरवाला पुढे झाला. "मॅडम, इकडे बघा. स्माईल!"

कौसाबाईंनी टोपली खाली ठेवली. कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली. पुढे आल्या, डाव्या हातानं मॅडमची हनुवटी धरली, लेकराची धरतात तशी, आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यांच्या गालावर तीट लावली. मॅडम इतक्या गांगरल्या की हसू तोंडावर तसंच राहिलं. मग कौसाबाईंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली आणि तिचा दोरा मॅडमच्या शालीच्या पिनेत नीट अडकवला.

माइक चालूच होता. सगळ्या लॉनला ऐकू गेलं.

"तीट लावल्याबिगर आपला माल बाहीर जात नाय!"

फ्लॅश उडाला.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला, रंगीत, चार कॉलमी. मॅडम, शाल, नारळ, गालावर तीट, आणि बरोबर छातीवर तळहाताएवढी चिठ्ठी. 'कौसाबाई, करमाड'. करमाडच्या स्टँडवर उभ्या माणसालासुद्धा वाचता येईल इतकं स्वच्छ अक्षर!

मी पेपर घेऊन धावतच क्लासवर गेले. कौसाबाई पाला भिजवत बसल्या होत्या. ओले हात पदराला पुसले, पेपर जवळ धरला, लांब धरला, बराच वेळ बघितला.

"तीट जरा डावीकडं पायजे व्हती," म्हणाल्या, आणि पुन्हा पाला पिळायला लागल्या.