निखिलच्या मैदानावर आम्ही ढोल नेला

माझ्या धाकट्या बहिणीचा, नंदाचा दुबईहून फोन आला तेव्हा मी गॅलरीत पापड उलटत होते. "ताई, या वेळी तू येच," ती म्हणाली. "निखिलचं या महिन्यात ठरतंय. पहिला आला तर खेळणार, नाहीतर सोडून नोकरी धरणार म्हणतोय. माझ्याच्याने एकटीने बघवणार नाही ग."

दुबईला मी पूर्वी दोनदा जाऊन आले आहे. उंच इमारती, मोठाले मॉल, उंटाची सफारी, सगळं करून झालंय. त्याबद्दल वाचायला आला असाल तर हा ब्लॉग तुमच्या उपयोगाचा नाही. या वेळी मी गेले ती फक्त भाच्याचा सराव बघायला. पापड तसेच टाकून मी तिकिटाच्या मागे लागले.

निखिल वाढला तो दुबईतल्या करामात, शाळा जवळच ऊद मेथाला. पण त्याच्या मे महिन्याच्या सुट्ट्या आमच्याकडे, नाशिकला. आंबे खाऊन झाले की बाठी घेऊन तो कुंपणाशी उभा राहायचा आणि पलीकडच्या पडक्या टाकीवर एकेक फेकायचा. नेम क्वचितच चुकायचा. मी आतून ओरडायचे, "अरे, हात धू आधी!" तोच हात पुढे त्याला अमेरिकेतल्या कॉलेजात घेऊन गेला. तिथे तो त्यांचं फुटबॉल शिकला, लांबट चेंडूचं, हातात घेऊन पळायचं. मग युरोपातले दोन-तीन लहान क्लब. सगळीकडे राखीव. आता आखातात या खेळाची नवी व्यावसायिक लीग निघाली आणि दुबईच्या संघाने त्याला घेतलं, तेव्हा तो एकोणतिशीला आला होता.

व्हिसाचं काम हल्ली घरबसल्या होतं. फक्त जानेवारीत जाणार असाल तर एक शाल जरूर घ्या. लोक दुबई म्हटलं की सुती कपडे भरतात. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर सकाळचा वारा अंगात शिरतो.

नंदाचं घर करामातल्या जुन्या, बुटक्या इमारतीत. खाली शिंपी, केरळी किराणावाला आणि उडप्याचं हॉटेल. पहिल्याच सकाळी ती मला मिसळ खायला घेऊन गेली. अठरा दिरहम. मी मनात गुणाकार करून मोठ्याने म्हटलं, "चारशे रुपयांच्या वर?" नंदा म्हणाली, "रुपयांत मोजलंस तर इथे घास उतरणार नाही. खा." मिसळ बरी होती. तर्री मात्र मागून घ्यावी लागते.

निखिल दुपारी भेटायला आला. दारातच वाकून नमस्कार केला, मग मला उचलूनच घेतलं. दाढी, रुंद खांदे, कपाळावर दोन आठ्या. त्या आठ्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या.

"मावशी, यू केम फॉर मी?"

"नाहीतर काय तुझ्या आईच्या भाज्या खायला?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मार्कस इज गुड, मावशी. खरंच चांगला आहे. तेवीस वर्षांचा आहे. मला पण त्याच्याबरोबर खेळायला आवडतं, तोच तर प्रॉब्लेम आहे."

इथे थोडं समजावून सांगते, मलाही त्यानेच समजावलं. या खेळात आपल्या संघाच्या रांगेमागे एक जण उभा असतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. खाली वाकलेला गडी पायांमधून चेंडू मागे त्याच्याकडे देतो आणि तो ठरवतो कुणाकडे फेकायचा. कप्तान, गोलंदाज आणि लग्नातला भटजी, तिन्ही कामं त्या एकाची. एका वेळी मैदानात असा एकच जण असतो, त्यामुळे दुसऱ्याने फक्त उभं राहायचं, कधीकधी अख्खा सीझन. सरावशिबिरात निखिल आणि मार्कस या दोघांना आलटून पालटून खेळवतात आणि शेवटी प्रशिक्षक एकाचं नाव घेतो. या संघाकडून सगळ्यांना मोठी अपेक्षा होती. अंतिम सामन्याला तर जाणारच, असं बोललं जात होतं. प्रश्न फक्त कुणाच्या हातून, एवढाच.

"यंदा नाही तर खलास," निखिल म्हणाला. नंदा स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटू लागली.

मैदान शहराबाहेर, अल ऐनच्या रस्त्याकडे. मेट्रो तिथवर जात नाही आणि टॅक्सी रोज परवडत नाही. आम्हाला रफीकभाई होते. मूळ दापोलीकडचे, शारजात रोल्लाला राहतात, स्वतःची मिनीबस चालवतात आणि लहानपणी निखिलला शाळेत नेण्या-आणण्याचं काम त्यांच्याचकडे होतं. वाटेत ते पेट्रोल पंपावर थांबून कडक चहा घेऊन देतात, कागदी पेल्यात, वेलची आणि भरपूर साखर. मधुमेह असेल तर आधीच सांगा. मी सांगितलं नाही, आणि रोज प्याले.

पहिले तीन-चार दिवस आम्ही कठड्याशी गुपचूप बसून पाहिलं. हिरवं मैदान, त्याच्या पलीकडे लगेच वाळू. धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती. या दोघांना मात्र सरावात कुणी हात लावायचा नाही, म्हणून त्यांचे सदरे लाल. मार्कसचा चेंडू लांब जायचा, निखिलचा नेमका. मला तरी तसं वाटलं. मी मावशी आहे.

रविवारी खुला सराव होता. संघाचीच दोन गटांत मॅच, घरच्यांना आणि प्रेक्षकांना आमंत्रण. निखिल म्हणाला होता, "कोच म्हणतात, जेवढी माणसं येतील तेवढी आणा. व्हिडिओत स्टँड भरलेला दिसायला हवा." हे नंदाने रफीकभाईंना सांगितलं आणि मी त्यात भर घातली, "आपल्याकडची पोरं नाही का मिळणार?"

"ताई, बोलायचं काम नाय," रफीकभाई म्हणाले. "आपला पोरगा हाय. मी त्याला टाय बांधायला शिकवलाय. यल्ला, बघा तुम्ही."

रविवारी मिनीबस खच्चून भरून आली. रोल्लातली, सोनापूरच्या कामगार कॅम्पातली माणसं. कुणी रत्नागिरीचा, कुणी बीडचा, कुणी साताऱ्याचा. आठवड्यातली ही त्यांची एकच सुट्टी. कपडे धुवायचे, घरी फोन लावायचा, झोपायचं, ते सगळं सोडून इस्त्रीचे शर्ट घालून आली होती. आणि मागच्या सीटवर एक ढोल आणि दोन ताशे. गणपतीसाठी इथल्या पोरांनी वर्गणी काढून आणलेले.

"खेळ काय असतो ओ मावशी?" साताऱ्याच्या एकाने मला विचारलं.

"निखिलच्या हातात चेंडू आला की समजायचं," मी ठणकावून सांगितलं.

"मग तेव्हाच वाजवू."

आणि तेव्हाच वाजवलं. निखिल मैदानात आला, रांगेमागे उभा राहिला, आणि ढोलावर टिपरू पडलं. काय सांगू, अंगावर काटा आला! त्या वाळूत, कुठल्या कुठे, आपला ठेका. नंदा रडत होती. मी उभी राहून टाळ्या पिटत होते. निखिलने आमच्याकडे वळून दोन्ही हात वर केले, तळवे खाली करून हलवले. "बघा, हात करतोय!" रफीकभाई ओरडले. ताशा आणखी चढला.

रांगेतला एक गडी वेळेआधीच उठला. शिट्टी झाली, सगळ्यांना पाच यार्ड मागे नेलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी चेंडू मागे आला तेव्हा निखिल बाजूच्या खेळाडूला काहीतरी ओरडून सांगत होता. चेंडू त्याच्या खांद्याला लागून घरंगळला आणि समोरच्याने त्यावर उडी टाकली. "अरेरे!" आम्ही म्हणालो, आणि त्याला धीर यावा म्हणून आणखी जोरात वाजवलं.

मग मार्कस आला. आमच्याकडे चिडीचूप शांतता. ढोलवाला ढोल मांडीवर आडवा घेऊन पाणी प्यायला, बीडच्या पोराने चिवड्याचा डबा उघडला. दुसऱ्याच्या पोरासाठी कोण वाजवतंय? मार्कसने त्या शांततेत तीन चेंडू लांब टाकले आणि तिन्ही झेलले गेले. पुढच्या पाळीला निखिल आला. पुन्हा ढोल.

खेळ संपल्यावर मी उरलेला चिवडा खेळाडूंना वाटत होते. रांगेतला एक लेबनानी, दाराएवढा माणूस, मूठभर घेऊन हसत हसत इंग्रजीत म्हणाला, "आंटी, ड्रम फार सुंदर. पण पुढच्या वेळी दुसरी टीम आमच्यावर येईल तेव्हा वाजवा हं, हबीबी."

मला कळलं नाही. पण नंदा मिनीबसमधून पुढे गेली आणि जेवणाआधी निखिल मला गाडीतून घरी सोडत होता तेव्हा मी त्याला विचारलं.

"काही नाही, मावशी."

"निखिल."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग शाळेतल्या मुलाला समजावावं तसं सांगितलं. क्वार्टरबॅक उभा राहून ओरडतो ते उगीच नाही. त्याच्या आवाजावर सगळी रांग उठते, त्याच्या शब्दावर ऐन वेळी बेत बदलतो. ते ऐकू आलं नाही तर कुणी आधी उठतो, कुणी उशिरा. म्हणून या खेळात आपली माणसं, आपल्याकडे चेंडू असला की, श्वास रोखून बसतात. गोंगाट करायचा तो समोरच्याच्या वेळी.

"तू हात केलास..."

"गप्प बसा सांगत होतो."

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या, बोललं तर. दहा वर्षं मी गप्प बसायला शिकले, आणि त्या सकाळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

"मग कोचना सांगितलंस का नाहीस? आम्हाला थांबवलं असतं कुणीही!"

"कसं सांगू? त्या लोकांची एकच सुट्टी असते, मावशी. नोबडी एव्हर केम विथ ड्रम्स फॉर मी." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "मम्माला सांगू नको. रफीकभाईंना तर अजिबातच नाही. प्रॉमिस?"

मी मान डोलावली.

मंगळवारी प्रशिक्षकांनी मार्कसचं नाव घेतलं. निखिल दुसरा. तो मला परत परत सांगत होता की एका रविवारवर काही ठरत नाही, मार्कस तरुण आहे, त्याचा हात लांब आहे, कोचच्या मनात ते आधीपासून असणार. असेलही. मला ते कधीच कळणार नाही, आणि तेच जास्त टोचतं. नंदाने त्या दिवशी त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं. त्याने पोटभर खाल्लं, आईला "मस्त" म्हणाला, आणि पुढ्यातला पेला जरा जास्तच काळजीपूर्वक खाली ठेवला. करार झालेला म्हणून हा सीझन तो राहणार. मग एका विमा कंपनीतली नोकरी. ऑफिस करामापासून चालत जाण्यासारखं आहे, नंदा सगळ्यांना सांगते.

उरलेल्या दिवसांत आम्ही खाडीवर जाऊन आलो. अब्रा, म्हणजे तिथली लाकडी होडी, अजून एका दिरहमात पलीकडे नेते. संध्याकाळी जा, पाण्यावर दिवे छान दिसतात. मी पाहिले. लक्ष नव्हतं. रोल्लाच्या बाजारातून घरच्यांसाठी खजूर घेतले. तुम्ही घ्याल तर डबाबंद घेऊ नका, सुटे चाखून घ्या.

आणि कधी असा सामना बघायला गेलात, तर एवढंच ऐका. आपला माणूस चेंडू घेऊन उभा असेल तेव्हा बोलू नका. कितीही वाटलं तरी.

नाशिकला परतून आता सहा-सात आठवडे झाले. पहिला सामना मी मोबाइलवर पाहिला. संघ जिंकला. कॅमेरा एकदाच निखिलवरून फिरला; कानाला हेडफोन लावून तो मार्कसला काहीतरी समजावत होता आणि मार्कस लक्ष देऊन ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईंचा फोन आला. मागे पोरांचा गलका होता.

"ताई, कोचने आपल्या पोरावर अन्याव केला, आमी सगळे बोलतोय. पन तुमी दिल छोटा करू नका. आवाज कमी पडला आपला, बाकी काय नाय. नोकरीचा ऱ्हाऊ द्या, पुढच्या साली खेळवूच त्याला. पोरांनी वर्गणी चालू केलीय. अजून दोन ढोल घेतो. आणू ना?"

पलीकडे सगळे गप्प झाले, मी काय म्हणते ते ऐकायला.

"आणा," मी म्हणाले. "आणि सराव सोडू नका."