पेनल्टीकडे पाठ

नॉर्थ यॉर्कच्या आमच्या ऑफिसात २०१६च्या सुमाराला तो टेस्टिंगला होता. बेलारूसचा. बोलायचा मोजकंच, तेही खालच्या आवाजात. पण त्याच्या गावच्या हँडबॉल क्लबची मॅच असली की लंचरूममध्ये फोन मायक्रोवेव्हला टेकवून उभा राहायचा आणि सूप गार होऊ द्यायचा. देशातली लीग हा क्लब वर्षानुवर्षं जिंकत होता, त्याचं त्याला काही वाटत नसे. "ते म्हणजे रोजचं दात घासणं," असं म्हणायचा. युरोपातल्या बड्या क्लबांना हरवलं, तरच खरं.

एका दुपारी तगड्या जर्मन टीमपुढे त्याचा क्लब एका गोलने पुढे होता. अगदी शेवटी जर्मनांना पेनल्टी मिळाली. त्याने फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"माझ्याच्याने बघवणार नाही. तू बघ, मला फक्त सांग."

मला हँडबॉलमधलं काय कळणार? पण बॉल उगारून उभा असलेला तो धिप्पाड गडी पाहून मीच फोन डोळ्यांजवळ ओढला. बॉल सुटला, गोलकीपरचा पाय डोक्याइतका वर गेला, आणि मी मराठीतच ओरडलो, "अडवला रे, अडवला!"

तो वळला तेव्हा मी गोलकीपरसारखा पाय उडवून दाखवला. त्याने अर्थ विचारला नाही. मला कडकडून मिठी मारली, "बाबांना फोन करतो," म्हणाला आणि जॅकेट न घालताच पार्किंग लॉटमध्ये धावला. मी खिडकीतून बघत राहिलो. भर बर्फात, फोन कानाला लावून, स्वतः न पाहिलेला तो सेव्ह, पाय उंच उडवून, तो बाबांना करून दाखवत होता.