स्कर्टची दुमड

दरवर्षी शाळा उघडली की आई माझ्या मुलीच्या स्कर्टची एक दुमड उसवते. जुन्या दुमडीची गडद रेघ कापडावर उरते.

"चार बोटं वाढली माझी बाय!" आज आई म्हणाली. मी हसलो, तशी ती कडाडली, "तू नको हसूस. तुझ्या बहिणीच्या स्कर्टात दोन दुमडी तशाच राहिल्या."

बहीण सातवीत एका मुलाशी बोलताना दिसली, म्हणून तिची शाळा मीच बंद करायला लावली. तेव्हा आई गप्प राहिली. आता नातीचं कौतुक ती मला ऐकवूनच करते, आणि ते मी ऐकायलाच हवं.

तिनं स्कर्ट माझ्या अंगावर टाकला. "इस्त्री कर. रेघ जाते का बघ."

पाणी शिंपडून, दाबून इस्त्री फिरवली. रेघ गेली नाही. तोच स्कर्ट घालून मुलगी शाळेत पळाली. आई माझ्यापुढे दार अडवून तिच्याकडे बघत राहिली.