बाईंचा नाद करायचा न्हाई!

"शिक्षकांचं मनोधैर्य वाढवा," असा संस्थेचा निरोप आला आणि माझं डोकंच सणकलं. शाळा उघडायच्या आधी सगळ्यांना गोल करून बसवायचं, खेळ घ्यायचे, एकमेकांचं कौतुक करायला लावायचं, वर फोटो पाठवायचे! मनोधैर्य म्हणजे काय सायकलची ट्यूब आहे, पंप मारला की फुगली?

मी आष्ट्याच्या पुढच्या एका गावात हायस्कूलची मुख्याध्यापिका. राहायला सांगलीत, विश्रामबागला, रोजची एसटी. गेल्या जूनमध्ये आमचा स्टाफ खरंच मरगळला होता. दोन शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडं गेले, त्यांचे तास उरलेल्यांच्या गळ्यात पडले. त्यात ह्या खेळांच्या आदल्या दिवशी आमच्या इंग्रजीच्या बाईंचा फोन. "मॅडम, उद्या येते. पण राजीनामा द्यायला."

ही पोरगी भंडाऱ्याची. आमच्याकडं येऊन जेमतेम वर्ष झालेलं. पण त्या वर्षात पोरं इंग्रजीच्या तासाची वाट बघायला लागली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कारण विचारलं तर म्हणे, घरगुती. एकदा का ही जागा रिकामी झाली, की ती भरेपर्यंत आताची आठवीतली पोरं दहावी होऊन बाहेर पडणार. रात्रभर मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली. म्हटलं, आधी हे मनोधैर्याचं उरकू, मग तिला बाजूला घेऊ.

खेळ असा, की शेजारी बसलेल्या माणसाबद्दल प्रत्येकानं एक चांगली गोष्ट सांगायची. आता आमच्याकडं तोंडावर कौतुक करायचं म्हणजे संकटच! गणिताचे सर इतिहासाच्या सरांकडं बघत म्हणाले, "माणूस बरा आहे. त्रास न्हाई." इतिहासाच्या सरांनी मराठीच्या बाईंना "चालतंय की" म्हणून निकालात काढलं. मला तर हे सगळं बंद करून चहा सांगावासा वाटत होता.

मग पाळी आली खेळाच्या सरांची. हे पक्के आष्ट्याचे, आवाज मैदानावरचा. शेजारी इंग्रजीच्या बाई. सर उठले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "ह्या बाईंचा नाद करायचा न्हाई कुणी!"

पहिल्यांदा सगळे मोकळे हसले. बाकं वाजवली, टाळ्या पडल्या. आणि ती पोरगी ताडकन उठली.

"सर, तुम्ही पण? त्या दिवशी पालकसभेत झालं तेवढं पुरे नव्हतं? मी कोणाचं काय वाईट केलं?"

मग रडत रडत तिनं सांगितलं ते असं. सुट्टी लागायच्या आधीच्या पालकसभेत आठवीतल्या एका मुलीचे आजोबा उठले होते. भर सभेत तिच्याकडं बोट करून हेच म्हणाले होते. तिनं अर्थ घेतला, ह्या बाईच्या नादी लागू नका, बाई चांगली नाही. "सगळे हसले. मॅडम, तुम्ही पण टाळ्या वाजवल्या! आईला सांगितलं, तर ती म्हणाली, अशा गावात एक दिवस राहू नको."

"अगं बाई गं!" मी कपाळावर हात मारला. "अगं खुळे, नाद करायचा नाही म्हणजे तुझी बरोबरी करायची कुणाची टाप नाही! कौतुक आहे ते!"

"मग तसं का नाही म्हणाले?"

खेळाचे सर डोकं खाजवत खाली बसले. तिला काही ते पटलं नव्हतं. "माझी समजूत काढताय," म्हणाली, आणि राजीनामा काढायला बॅगेत हात घातला. आता मात्र माझा पारा चढला. तिचा हात धरला आणि तिला रस्त्यापलीकडं त्या आजोबांच्या घरी नेलं. मागं सगळा स्टाफ.

आजोबा, म्हणजे गावचे आबा, पुढच्या सोप्यात बियाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. मी काय झालं ते सांगितलं, तसे ते गडबडीनं उठले. मांडीवरच्या शेंगा भुईवर सांडल्या.

"आवं, कवा? मी वाईट बोललो? ह्या बाईंनी तर पार जाळ..."

"आबा," मी दटावलं, "तसलं आडवळणाचं कौतुक नको. सरळ सांगा."

आबा अडकले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खेळाच्या सरांकडं. जन्मात असलं कुणाला तोंडावर सांगायची वेळच आली नसावी, ना बायकोला, ना लेकाला. मान खाली घालून हळूच बोलले.

"बाई, तुमी लय चांगलं शिकवता. माझी नात पैल्यांदा वर्गात हात वर कराय लागली. तुमी जाऊ नगासा."

मला भरून आलं. खेळाचे सर उगाचच रस्त्याकडं तोंड करून नाक पुसत उभे राहिले. पोरगी ओढणीनं डोळे पुसत होती, हसतही होती. तिच्या भंडाऱ्याकडं 'येतेय' म्हणायचं तर 'येऊन राहिली' म्हणतात. गडबडीत तिच्या तोंडून तेच निघालं, "नाही जात, आबा. शाळा उघडली का येऊन राहिली मी!"

आबांचा चेहरा एकदम फुलला. "ऐकलंसा मॅडम? येऊन ऱ्हायली म्हनत्यात! ऱ्हायली म्हंजे ऱ्हायली, आता कुटं जात न्हाईत!"

ह्या वेळी मात्र अर्थ समजावून सांगायच्या भानगडीत आमच्यापैकी कुणी पडलं नाही.