वाळ्याच्या पडद्यातला गुलाबी जंतू

अकोल्याच्या सरकारी शेती-प्रयोगशाळेत मी लागलो तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि नोकरी कच्ची होती. अमरावतीला आमचा भाजीचा मळा. बाबांनी माझ्यासाठी अचलपूरची मुलगी पाहिली, पण तिच्या वडिलांनी बैठकीतच सांगून टाकलं, "पोरगा बरा हाय. पण नोकरी पक्की झाल्याबिगर पोरगी देत नाही." आणि नोकरी पक्की व्हायची तर काळ्या मातीतला एक जंतू निवडून, एकटा वाढवून साहेबांना दाखवायचा होता.

काम ऐकायला सोपं. तार ज्योतीवर लाल करायची, निवली की माती कालवलेल्या पाण्यात बुडवायची आणि काचेच्या बशीतल्या साखरेच्या घट्ट खळीवर रेघा ओढायच्या. शेवटच्या रेघेवर जंतू विरळ होतात, सुटे ठिपके उमटतात. त्यातला एक उचलायचा, नव्या बशीत पुन्हा तेच. पण वैशाखातलं अकोलं! मी टेबल ओढून थेट खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यापुढे लावलं. शिपाई पडद्यावर विहिरीचं पाणी मारायचा, गार, सुगंधी झुळूक यायची, आणि मी बशांची झाकणं उघडी टाकून निवांत रेघा ओढायचो.

बशा गुलाबी ठिपक्यांनी भरल्या. सगळीकडे एकच रंग, याहून शुद्ध ते काय असणार? मी साहेबांच्या आधी बाबांना कळवलं, मुहूर्त काढा म्हणून. त्यांनी काढलाही.

साहेब पुण्याचे. त्यांनी एकेक बशी उजेडात धरून पाहिली. मग मातीचा कणही न लागलेली, नुसत्या खळीची एक कोरी बशी माझ्या टेबलावर उघडी ठेवायला लावली. दोन दिवसांत तीही गुलाबी झाली.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "आमच्या खिडकीतला जंतू तुम्ही उत्तम वेगळा काढलात. आता मातीतला पाहा."

तिकडे अचलपूरला मांडवाचे बांबू आले होते. मी पडदा उतरवला, दारं-खिडक्या लावल्या आणि त्या भट्टीत ज्योतीपाशी बसलो. पहिल्याच बशीत नाकावरून घामाचा थेंब पडला. तिच्यात पिवळे ठिपके आले, ते माझे घरचेच म्हणायचे. मग कपाळाला दुपट्टा करकचून बांधला आणि श्वाससुद्धा साहेबांना विचारून घ्यावा तसा घेऊ लागलो. शेवटी एका बशीत पांढरे, बुळबुळीत, सारखे ठिपके आले. साहेबांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिले आणि माझ्या कागदावर सही केली.

सासरेबुवांना खात्री करून घ्यायची होती. ते स्वतः अकोल्याला आले. मी अभिमानानं बशी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, वास घ्यायला गेले, मी अडवलं.

"यासाठी सरकारनं तुले पक्कं केलं?"

"हो."

"आमच्याकडं शिळ्या वरणावर याच्याहून दाट येते," ते म्हणाले आणि बशी माझ्या हातात दिली. "पोरीले हे सांगू नको. तिले वाटते, तू सायेब हायेस."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मी सांगितलं नाही. सासूबाईंनी मांडवातच सांगितलं.