कोनी राहिलं का जेवाचं?

मावशीच्या खानावळीत मी कित्येक वर्षं जेवलो, पण तिला स्वतःला जेवताना क्वचितच पाहिलं. शेवटचा माणूस उठला की ती पदराला हात पुसत दारात यायची आणि रिकाम्या खोलीकडे पाहून विचारायची, "कोनी राहिलं का जेवाचं?" हात धुणाऱ्यांपैकी कोणीतरी 'नाही' म्हटलं की मग आत जाऊन पातेल्यात उरलेलं ताटात घ्यायची. सणवार असो की अंगात ताप, यात बदल नाही.

घर विणकरांचं, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. सासऱ्याचा माग बंद पडला तेव्हा मावशीने मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी घातली आणि तिथेच पंगत बसवायला सुरुवात केली. मी सावनेरहून नोकरीसाठी आलेला सडाफटिंग. सावजी रस्सा पहिल्याच घासाला असा झोंबला की डोळ्यांतून पाणी थांबेना. मावशी शांतपणे म्हणाली, "रडून घे गा. आठ दिवसांत सवय होते." झालीही. लग्नानंतर बायकोने बरीच कुरकुर केली, तरी रविवारचं जेवण मावशीकडेच राहिलं.

बाहेरून जेवून आलो म्हणणाऱ्याचा तिला भारी राग. "काहून? आमची चूल विझली होती का?" असं विचारून ती त्याला बसवायचीच. अर्धी भाकरी तरी पोटात गेल्याशिवाय सुटका नसे.

त्यामुळे एका रविवारी मी जेवून हात पुसत असताना तिने माझ्यापुढे पुन्हा ताट ठेवलं, तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही बसलो आणि दोन घास खाल्ले. पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. मग गॅस चालू राहायला लागला, रश्शाचं पातेलं जळालं, एकदा तर ती भाजी आणायला गेली आणि पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात सापडली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. मुलाने, राजूने, खानावळ बंद केली. त्याचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण खानावळ बंद झाली आणि मावशीचं जेवणही बंद झालं. ताट पुढे केलं की बाजूला सारायची. "लोकं जेवाचे हायेत अजून. मी कशी जेवू?" राजू समजावायचा, "आई, खानावळ बंद झाली. कितीदा सांगू तुले?" त्याच्या लेखी ती जुनी गोष्ट होती, पण मावशीची खानावळ प्रत्येक वेळी नव्यानेच बंद व्हायची. ती रडायची, आणि घटकाभराने पुन्हा दारात जाऊन गिऱ्हाइकांची वाट पाहायची. राजूने ताकदीच्या पावडरीचे महागडे डबे आणले, ते तसेच पडून राहिले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मला तिच्या सुनेचा, वर्षाचा, फोन आला. "काका, उद्या दुपारी जेवाले या. भुकेले या."

आम्ही जुने चारपाच जण जमलो आणि भिंतीला पाठ लावून नेहमीसारखे ओळीत बसलो. वर्षा वाढत होती. मावशी दारात उभी राहून पाहत होती. एकाने भात ठेवून उठायचा बेत केला, तर म्हणाली, "टाकून उठतं का गा?" तो मुकाट्याने खाली बसला. सगळ्यांचं झालं. मावशीने पदराला हात पुसले आणि विचारलं, "कोनी राहिलं का जेवाचं?"

"नाही मावशी. सर्वे जेवले."

ती आत गेली, पाट ओढला आणि जेवायला बसली. वर्षा भिंतीकडे तोंड करून रडत होती. आम्ही हात न धुता तसेच बसून राहिलो. उठण्याचा आवाज झाला तर ती ताट सोडेल, अशी भीती वाटली.

मग आम्ही वार वाटून घेतले. कोणाला जमलं नाही तर वर्षा गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला बसवायची, सिलिंडर घेऊन आलेल्यालाही तिने सोडलं नाही. राजूला हे पटत नव्हतं. आईला फसवून राहिलो, असं त्याचं म्हणणं. वर्षा म्हणाली, "फसवाचं काय त्यात? लोकं जेवतेतच ना?" एका रविवारी तो स्वतःच येऊन माझ्या शेजारी बसला. मावशी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "नवीन दिसतं गा तू. कोन्या गावचा?"

राजूने मान वर केली नाही. "इथलाच, मावशी," तो म्हणाला. तिने वर्षाला सांगून त्याला आणखी एक भाकरी वाढायला लावली. त्याने ती खाल्ली.

बांगड्या परत मनगटावर आल्या. नळीचं नाव निघालं नाही. पुढे ती आम्हा सगळ्यांची नावं विसरली, घर विसरली, वर्षाला शेजारीण समजायला लागली. पण दुपारी दारात उभी राहून ती आमचे चेहरे बघायची आणि पोट भरलेली माणसं तिला बरोबर ओळखू यायची. ते बघून तिला बरं वाटायचं आणि आम्हालाही. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि ती गेली. आदल्या दुपारीसुद्धा दोन घोट पेज घेतली होती.

तेरवीला माणसं पुष्कळ होती. शेवटची पंगत उठली, पाहुणे अंगणात गेले. मी तेवढा माझ्या नेहमीच्या जागेवर, भिंतीशी. वर्षा सकाळपासून वाढत होती. मी म्हणालो, "तू जेव आता." "जेवतो काका," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत दारातच थांबली. रिकाम्या खोलीकडे पाहत राहिली. विचारलं काहीच नाही.

"कोनी राहिलं नाही वं," मी म्हणालो. "सर्वे जेवले."

ती आत गेली. पाट ओढल्याचा आवाज आला. तिचं होईपर्यंत मी हात धुवायला उठलो नाही.