मायचं उखळ

मित्रांनो, आज सकाळी जंगल सफारीत माझ्या आईनं गाईडच्या कानाखाली वाजवली. गेटवर वनखात्याचे लोक माफीनामा मागत होते. मी दिला नाही.

रामटेकच्या पलीकडच्या त्या जंगलात कुठेतरी आईचं माहेर होतं, म्हणून हौसेनं तिला नेलं. गाईडनं जीप थांबवली आणि दगडातला गोल खड्डा दाखवला. "निसर्गाची कमाल! वाघ यात पाणी पितो."

आई ताडकन खाली उतरली. "हे माह्या मायचं उखळ हाय. धान कांडायचो आम्ही यात."

उतरायला मनाई आहे म्हणत गाईडनं तिला दंड धरून ओढलं. तेव्हाच ती चपराक बसली.

परतताना आई त्या गावाबद्दल पहिल्यांदाच बोलली. सत्तरच्या दशकात सरकारनं वाघांसाठी गाव उठवलं. जमिनीत पुरलेलं उखळ नेता येईना, म्हणून आजोबा त्यावर आडवे पडले. लाठ्यांनी त्यांचं डोकं फोडलं. रक्त उखळात साचलं.

"वाघाचा राग नाही गा मले," आई म्हणाली. "पण बाबाले मारून राहिले होते, तवा मले असंच दंड धरून तिथून ओढलं होतं. आज दुसऱ्यांदा ओढलं."

आता सांगा, माफी कोणी मागायची?